पाठमोरं कबुतर

मुलीच्या तापाचा तो चौथा दिवस. सकाळी पुन्हा रक्त तपासायला दिलं होतं. प्लेटलेट्स आणखी उतरल्या तर अ‍ॅडमिट करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोला शाळेतून निघता येईना, म्हणून मी इथल्या, आखातातल्या रुसैलच्या फॅक्टरीत सुट्टी टाकून माबेलाच्या घरी मुलीच्या उशाशी बसलो होतो, मोबाइल हातात धरून.

तापातही तिची बडबड चालू होती. शाळेच्या लायब्ररीत तिने मध्ययुगातल्या युरोपातल्या एका पांढऱ्याशुभ्र पक्ष्याबद्दल वाचलं होतं. राजा आजारी पडला की त्याला राजाजवळ आणायचे म्हणे.

"तो किंगकडे बघितला ना, तर किंग बरा होतो. सगळा सिकनेस तोच घेतो आणि सनकडे उडून जातो. पण फेस फिरवला, तर किंग मरतो."

"मस्त आहे गोष्ट," मी म्हणालो.

आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुनाला आमच्या घरात आजोबांपासून थारा नाही. टिटवी ओरडली म्हणून धास्तावणाऱ्या शेजारणींना आई झापायची, आणि मांजर आडवं गेलं म्हणून गाडी थांबवणाऱ्या सहकाऱ्याची मी वर्षभर टिंगल केली होती.

दुपारी तिचा डोळा लागला. तेवढ्यात खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर एक पांढरं कबुतर येऊन बसलं. समोरच्या गच्चीवर पाळलेल्यांपैकी असावं. बसलं ते आमच्याकडे पाठ करून.

मी मोबाइल बघितला. कबुतर बघितलं. पुन्हा मोबाइल. मग स्वतःवरच चिडत स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणले, खिडकी सरकवली आणि आतल्या कट्ट्यावर टाकले. बाहेरची गरम हवा तोंडावर आली.

"बघ ना रे इकडे," मी हळूच म्हणालो. "एकदाच बघ."

मी काचेवर टिचकी मारली आणि ते उडून गेलं. एकदाही न वळता.

"पप्पा?" ती जागी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. "ती स्टोरी होती ना?"

"हो गं, स्टोरीच," मी घाईघाईने खिडकी लावली. ती कट्ट्यावरच्या तांदळाकडे बघत होती. चार दिवसांत ती एकदाही घाबरली नव्हती. आता तिने माझं मनगट घट्ट धरलं.

तासाभराने रिपोर्ट आला. प्लेटलेट्स वाढल्या होत्या. मला रडू फुटलं. मी तिला आकडा दाखवला, दोनदा वाचून दाखवला.

"पण पप्पा," ती म्हणाली, "तो बघितला नाही ना."