भंडाऱ्यानं भरलेली ड्राइव्ह

आमच्या घरात धुण्याचं पाणी कायम पिवळं असायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या बाजारात हळदीची पोती उचलायचे. आईनं सदरा कितीही आपटला तरी रंग सुटायचा नाही. जतकडची मेंढरं दुष्काळात संपली म्हणून आम्ही सांगलीला आलो होतो. एका खोलीत सगळे, आणि सगळ्यांत वाचता येणारी मी एकटी. आप्पा हजेरीला अंगठा उठवायचे. मी डबा द्यायला गेले की मुकादम हमखास म्हणायचा, "शाई कशाला लावतोयस रं? अंगठा पिवळाच हाय की." सगळे हसायचे, आप्पाही हसायचे. मला ते त्यांचं हसणं सोसायचं नाही.

पुढं मी बी.एस्सी.ला गेले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते. तेव्हाच एका व्यापाऱ्यानं पेढीवरचा जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. आप्पांनी तो मागून घेतला आणि पोत्यासारखा पाठीवर टाकून घरी आणला, पडदा दुसऱ्या खेपेला. त्याला हार्डडिस्क नव्हती. एकच फ्लॉपी ड्राइव्ह. तिच्या फटीत पातळ चौकोनी फ्लॉपी सरकवली तरच मशीन जागं व्हायचं.

त्यावर मराठी उमटत नव्हती. मग मी चांदण्या, म्हणजे कीबोर्डवरची * ही खूण, एकीला एक जोडून आप्पांचं नाव काढणारा प्रोग्राम लिहिला. माझा पहिला. बटण दाबलं की ड्राइव्ह करकरायची, लाल दिवा लागायचा आणि हिरव्या चांदण्यांचं नाव यायचं. त्यावरून आप्पा नाव गिरवायला शिकले. म्हणून त्यांच्या सहीत गोलाई नाही, नुसत्या पायऱ्या.

"सही करतोयस का जिना बांधतोयस, गड्या?" बरोबरचा एक हमाल म्हणाला होता.

"जिना म्हण. पोरीनं बांधलाय."

खंडेनवमीला आमच्याकडं पोती ओढायचा आकडा, आईचा विळा आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी पूजेला बसतात. आप्पा बटण दाबायचे, करकर ऐकली की "बोललं बघ" म्हणायचे आणि मूठभर भंडारा उधळायचे. मी नको नको म्हणायचे.

"आगं, देवाचा हाय. त्यानं काय हुतंय?"

मागच्या नवमीला ड्राइव्ह बोलली नाही. उघडली तर आत हळदच हळद, सुकून घट्ट झालेली. फ्लॉपीवर गोल चरा पडला होता. प्रोग्राम गेला.

त्याच सुमाराला मिरजेच्या डॉक्टरांनी आप्पांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आणि उजव्या डोळ्यात कडेला जो थोडा उजेड उरलाय तोही जाणार. बाहेर आल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं, "पुढच्या नवमीला नाव दिसंल का गं?"

"दिसंल की," मी म्हणाले. पदवी माझी कॉम्प्युटरचीच. न दिसायला काय झालं?

कराडला, नोकरीच्या गावी, मी ड्राइव्हच्या जागी काय बसवता येईल ते शोधायला लागले. दुसरी जुनी ड्राइव्ह घ्यावी तर ती हिच्याएवढीच म्हातारी. एक डबी मिळत होती, ड्राइव्हच्याच खाचेत बसणारी. तिच्यात पेनड्राइव्ह खुपसला की मशीनला वाटतं फ्लॉपीच घातली. बारका स्पीकर जोडला तर ती करकरीची नक्कलही करते म्हणे. मला तो पोरखेळ वाटला. तिसरा पर्याय कार्डाचा. मशीनच्या आत एक पट्टी बसवायची, तिच्यात कॅमेऱ्यात असतं तसं मेमरी कार्ड. मशीन त्यालाच हार्डडिस्क समजतं. वेग जास्त, झिजणं नाही, भंडारा जायला फट नाही. मी कार्ड घेतलं.

सांगलीला जाऊन बसवलं, तर मशीननं ते ओळखलं नाही. पट्टी परत पाठवली, दुसरी यायला वेळ लागला. श्रावण गेला, गणपती गेले. आप्पा चहाचा कप चाचपडत घ्यायला लागले. आधी रोज फोनवर विचारायचे, "आलं का त्ये?" मग विचारायचे बंद झाले.

दुसरी पट्टी सांगलीला येऊन बसवली, ती चालली. आता नाव परत काढायचं होतं, आणि कुठली चांदणी कुठं होती ते मला आठवेना. मी ताटात भंडारा पसरला आणि आप्पांचं बोट त्यावर टेकवलं. "नाव काढा, आप्पा." त्यांनी काढलं. पायरी न पायरी तीच.

"बसलं का समदं?"

"बसलं."

त्यावरून मी चांदण्या मांडल्या.

नवमीला आप्पांना पडद्यासमोर बसवलं. बटण त्यांनीच दाबलं. नाव पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर आलं. आप्पा तसेच थांबलेले.

"लागलं न्हाई व्हय?"

"आलंय, आप्पा. म्होरंच हाय."

"आवाज न्हाई आला."

"ह्येला आवाज नसतोय."

त्यांनी पडद्यावर तळवा फिरवला. "उगं माझ्या समाधानाला बोलू नगंस, पोरी."

"आवं, खरंच आलंय," आई म्हणाली.

"तुला कुठं वाचाय येतंय?"

आईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, उखाणा सोडला तर. तिनं पदर सावरला, पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर करत नाव घेतलं.

"त्ये तर तुला लगनापासनं ठावं हाय," आप्पा म्हणाले. "त्यात वाचायचं काय?"

मुठीतला भंडारा त्यांनी उधळला नाही. चाचपडत भंडाऱ्याची डबी शोधली आणि परत तिच्यात सोडला.

ड्राइव्हच्या खाचेत बसणारी ती स्पीकरवाली डबी आता मागवता येईल. पण आप्पांच्या कानाला नक्कल लगेच कळेल, म्हणून मागवली नाही.

कॉम्प्युटर चालू झाला. कार्डावरून सुरू होतो आणि आप्पांचं नाव दाखवतो. एवढं झालं.