शून्य देण्याआधी

ढोबळेबाईंची आणि माझी पहिली ओळख जाम नदीच्या पाण्यात झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाई सावरगावात नव्यानं राहायला आल्या होत्या आणि आम्हा मुलींसारख्याच, पुलाचा वळसा टाळून, पांढुर्ण्याच्या शाळेकडे निघाल्या होत्या. काठावर थांबून त्यांनी मला विचारलं, "पाणी कुठं कमी आहे व?"

मी बोट दाखवलं. बाईंनी चपला हातात घेतल्या, लुगडं सावरलं आणि माझ्या बोटाच्या भरवशावर सरळ पाण्यात उतरल्या. पलीकडे पोचल्यावर मागे वळून म्हणाल्या, "बरोबर सांगितलं तू." विचारलं पाण्याबद्दल, पण खरं तर माझी परीक्षाच झाली, असं मला वाटलं. पाचवीत त्याच बाई आमच्या वर्गावर आल्या.

त्यांच्या वर्गाची आठवण काढली की मला अजून गुंगी येते. माघात संत्र्याच्या आंबिया बहाराचा फुलोरा आला की गावाभोवतालच्या बगीच्यांचा वास खिडकीतून आत यायचा, लांबून तिगावकडच्या गाडीची शिट्टी यायची, आणि त्या गोड सुस्तीत बाईंचा आवाज सावकाश पाढे सांगत असायचा. आम्ही निम्मे जागे, निम्मे कुठल्याशा बांधावर. चाचणीत अर्ध्या वर्गाचं एकच गणित चुकलं, तर बाई फळ्याकडे बघत हसायच्या. "ह्या गणितात मीच नापास झाली म्हणायची," असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकवायच्या. मुलांना तपासता तपासता स्वतःलाही तपासणाऱ्या शिक्षिका मी पुढे शाळेतल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत फार पाहिल्या नाहीत.

त्यांचा एक नियम शाळेत सगळ्यांना पाठ होता. शून्य देण्याआधी पोराला एकदा पुन्हा विचारायचं. काही सहकारी ह्या नियमाची टिंगल करायचे. माझं मात्र पुढलं सगळं आयुष्य त्याच नियमावर उभं आहे.

आमच्या भागात पाचवीला तेव्हा बोर्डाची परीक्षा असे. घरी बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरगी पास झाली तं शिकू दे. नापास झाली तं शाळा बंद, बगीच्यात ये म्हणा." आमच्या घरात बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गणिताच्या तोंडी परीक्षेला सौंसरहून एक परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, "एका झाडाला दोनशे संत्री, तर पंधरा झाडांना किती?"

आमचा बगीचा डोळ्यांपुढे आला. विहिरीजवळची झाडं लदलेली, बांधावरची दोन रोडकी. सगळ्यांना सारखी संत्री येतील कशी? शेवटी धीर करून विचारलं, "कोणत्या बहाराची, सर? आंबियाची का मृगाची?"

परीक्षकांना तो आगाऊपणा वाटला. "उत्तर येत नाही अन् वरून सवाल करून राहिली!" त्यांनी शून्य लिहायला पेन उचललं.

मागच्या बाकावर बसलेल्या ढोबळेबाई उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "सर, हिला गुणाकार येत नाही हे अजून कुठं कळलं? आपण विचारलेलं हिला पटलं नाही, एवढंच कळलं. मी पुन्हा विचारू का?" परीक्षकांनी नाखुशीनं मान हलवली. बाई माझ्याकडे वळल्या. "हे बघ, ही झाडं कागदावरची आहेत. सगळ्यांना सारखीच संत्री. आता सांग."

"तीन हजार," मी लगेच म्हणाले.

इथं दुसरं कोणी असतं तर पाठ थोपटून मला घरी पाठवलं असतं. बाईंनी भागाकार विचारायला लावला, आणि तो मला खरोखर येत नव्हता. परीक्षकांना त्याच म्हणाल्या, "ह्याचे गुण कापा." मी रडकुंडीला आले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी माझे डोळे पुसले. "दया केली तर तुला काय येतं ते कोणालाच कळणार नाही. पास होशील तू. पण भागाकार कच्चा आहे तुझा." मी काठावर पास झाले. उन्हाळाभर बाई आमच्या बगीच्यात येऊन, गळलेल्या बारक्या फळांचे ढीग करून मला भागाकार शिकवत होत्या. बाबा लांबून बघायचे. पुन्हा शाळा बंद करायची गोष्ट त्यांनी काढली नाही. आज मीही शिक्षिका आहे.

आता बाईंचं पंचाहत्तरावं वर्ष. मध्यंतरी त्या फार गप्प राहू लागल्या. स्मरण जातंय की काय अशी घरच्यांना काळजी वाटली, म्हणून त्यांचा मुलगा आणि मी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, वागायला नम्र. त्यांनी विचारलं, "आजी, घरात किती माणसं आहेत?" बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. डॉक्टर कागदावर काही लिहू लागले. मुलाचा चेहरा उतरला. मला सौंसरच्या परीक्षकांचं उचललेलं पेन आठवलं.

मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शून्य देण्याआधी एकदा पुन्हा विचारा."

त्यांनी पेन खाली ठेवून पुन्हा विचारलं. बाई सावकाश वळल्या. "रोजची का पोळ्याची? रोजची तीन. पोळ्याला पाहुणे इतके, चटया पुरत नाहीत." डॉक्टर हसले. मग त्यांनी वजाबाकी विचारली, ती बाईंनी बिनचूक सांगितली. भागाकाराची पाळी आली तशी माझ्याकडे हात केला. "तो हिला विचारा. हिचा कच्चा आहे."

मी तिथंच रडले. परतीच्या गाडीत बाई माझ्या खांद्यावर मान टाकून झोपल्या होत्या.

बाई, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. तुम्ही खुशाल खिडकीबाहेर बघत बसा, उत्तराची घाई करू नका. आम्ही पुन्हा विचारू.