उभ्या गाड्यांची शर्यत

आमच्या सासरी, म्हणजे किन्हीराजात, मोटारसायकलचा वेग किलोमीटरमध्ये मोजत नाहीत.

याला कारण मी. माझ्याकडे एक जुनी काळी क्रूझर आहे. लांबलचक, बुटकी, पाय पुढे टाकून ऐटीत बसायची. वाशीमच्या रस्त्यावरून ती निघाली की ऑटोवालेसुद्धा मान वळवून बघतात. (मागचा मडगार्ड नाही म्हणून बघतात, असं बायको म्हणते. तो मीच कापून घेतलाय. रुबाब वाढतो!) ही गाडी एकशेवीसने पळते, असं मी कचेरीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. स्वतः मी साठच्या वर कधी गेलेलो नाही. डोळ्यांतून पाणी येतं.

तुरीच्या हंगामात आम्ही सासरी गेलो, तर अंगणात धनजचे साडू प्रमोदराव हजर आणि त्यांच्याखाली लाल क्रूझर! माझ्या गाडीहून जुनी, पण टाकीत तोंड पाहून भांग पाडावा इतकी चकचकीत. खरं सांगतो, जळफळाट नंतर झाला. आधी हात जोडावेसे वाटले.

"एकशेतीस जाते," प्रमोदराव म्हणाले.

"आमची एकशेचाळीस," मी म्हणालो. (वरचे वीस तिथल्या तिथे वाढवले.)

"मंग होऊनच जाऊ द्या!" माझी बायको सुनंदा म्हणाली. "हारली तं घरी गेल्याबरोबर इकून टाकायची. नुसती जागा अडवून राह्यली!"

सासऱ्यांच्या देखत मी छातीठोकपणे "चालते" म्हणालो आणि हळूच अंगणाकडे वळून पाहिलं. माझी काळी जाणार!

रस्त्यावर गाड्या पळवायला मात्र दोघी बहिणींची सक्त मनाई. "हातपाय मोडले तं तूर कोन काढंल?" मग प्रमोदरावांनी तोड काढली. दोन्ही गाड्या अंगणातच डबल स्टँडवर घ्यायच्या, मागचं चाक अधांतरी, वरचा गियर टाकून फुल रेस द्यायची आणि काटा बघायचा. सासरे पंच! या माणसाच्या बुद्धीपुढे मी थक्क झालो.

आम्ही एकदम रेस दिली. काय तो आवाज! कोंबड्या गोठ्याच्या छपरावर गेल्या. चाकांच्या काड्या दिसेनाशा झाल्या. कुंपणापाशी जमलेलं अर्धं गाव आ वासून उभं होतं आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

"मामाजी, काटा पाहा!" मी ओरडलो.

सासऱ्यांनी चष्मा लावला. वाकून माझा काटा पाहिला. मग लालचा पाहिला. परत माझा पाहिला.

"जावईबापू, दोनी झिरो हायेत. इतक्या स्पीडनं तं आपला गोठाई पळते!"

काटा पुढच्या चाकावर चालतो आणि पुढची चाकं जमिनीवर ढिम्म उभी होती, हे आम्हा दोन तज्ज्ञांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"झिरो म्हंजे हारली!" सुनंदा म्हणाली.

"अवं, बरोबरी झाली ना!" मी इतका घाबरलो की हातातली रेस आणखीच पिळली. गाडी थरथरली आणि मागे रचलेल्या तुरीच्या ढिगातली एक पेंढी घसरून चाकावर आली. मडगार्ड नव्हताच! तडतड तडतड शेंगा फुटल्या आणि तुरीचे दाणे सासऱ्यांच्या चष्म्यावर बसले.

मी गाडी बंद करायला हात नेला.

"बंद करू नोका!" सासूबाई ओरडल्या. चार दिवसांपासून त्या मळणीयंत्राची वाट पाहत होत्या. त्यांनी एक पेंढी बुडख्याशी धरली, शेंडा अलगद टायरला टेकवला आणि क्षणात पेंढी मोकळी!

"अव माय वं!" त्या चाकाकडे पाहतच राहिल्या. "जावईबापू, लय गुणाची गाडी हाय तुमची!"

बहिणींनी ताडपत्री अंथरली. मी तीन तास बसून रेस देत होतो. (दर पंधरा मिनिटांनी गाडीला विश्रांती मिळायची. मला नाही.) सासूबाईंचा हात असा चालत होता की मी रेस द्यायचं विसरून तोच बघायचो आणि ओरडा खायचो. लालवरही प्रयोग झाला, पण तिच्या लांबलचक मडगार्डमुळे पेंढी टायरला टेकेना.

"तुमची दिसाले चांगली हाय हो," सासूबाईंनी प्रमोदरावांची समजूत काढली आणि त्यांना पेंढ्या वाहायला लावलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी निकाल दिला. "काळीचा स्पीड तासाले एक पोतं. लालचा झिरो."

"ही गाडी इकायची नाई," सुनंदाने जाहीर केलं. "मायची तूर काढाले लागते!"

काळी वाचली! मी तिच्या टाकीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. (धूळही बरीच होती.)

यंदाही सासूबाईंचा फोन आला. आधी गाडीची तब्येत विचारली, मग टायरची.

"मले सुट्टी भेटते का नाई, सांगता येत नाई," मी जरा भाव खाल्ला.

"तुमी नाई आले तरी चालते," त्या म्हणाल्या. "गाडी तेवढी पाठवा."

तरी मी जाणार आहे. गाडीला बटण नाही, किक मारायला माणूस लागतो.