आईचा गंधार

पंच्याऐंशीच्या सुमारास पार्ल्याच्या आमच्या घरात आईचं गाणं बंद झालं. गौरीची गाणी चालू असताना आत्या सगळ्या बायकांदेखत म्हणाली होती, "वहिनी, तू नुसत्या टाळ्या वाजव गं. तुझा गंधार बेसूर लागतो." आत्या गाण्याचे क्लास घ्यायची. आई मालवणकडची, कुठे शिकलेली नव्हती. ती गप्प बसली ती बसलीच. फक्त तांदूळ निवडताना, कोणाचं लक्ष नाही असं वाटलं की गुणगुणायची.

बाबांचं लक्ष असायचं. ते मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि सुट्टीच्या दिवशी पेटी उघडून बसणारे. एकदा मला म्हणाले, "बेसूर माणूस रोज वेगळीकडे चुकतो. ही रोज नेमकी त्याच जागी जाते." कोमल गंधाराच्या वर, शुद्धच्या खाली. पेटीत त्या जागेला पट्टीच नव्हती.

मग त्यांनी शुद्ध गंधाराच्या पट्टीची पितळी रीड काढली आणि बुडाशी कानस मारून तिचा सूर खाली उतरवत नेला. आई तांदूळ घेऊन बसली की शेजारी नुसता सा धरून ठेवायचे. ती नकळत त्यावर गायला लागायची, आणि गंधारावर आली की हे ती उतरवलेली पट्टी दाबायचे. दोन सूर अगदी जवळ आले की त्यांच्यात एक थरथर ऐकू येते. ती दर खेपेला मंद होत गेली आणि एका दुपारी थांबलीच; दोन्ही सूर एक झाले. दोन पट्ट्यांच्या मध्ये एवढं मोठं जग आहे आणि आमची आई तिथे रोज जाऊन येते, हे मला माहीतच नव्हतं.

बाबांनी स्वरांच्या मधल्या बारीक जागांची, श्रुतींची, जुनी नावं काढली. रंजनी, रौद्री, क्रोधा. एकही नीट बसेना. आई हसून म्हणाली, "आमच्याकडे सगळ्या बायका अशीच गातत. त्येका नाव कित्याक होया?"

आत्याने पेटी वाजवून बघितली. "दादा, पार वाट लावलीस रे हिची."

पुढच्या गौरीला बाबांनी तीच पेटी मांडली, सा धरला आणि आईकडे बघत राहिले. ती गायला लागली. गंधारावर आवाज आणि पेटी वेगळी ओळखू येईना. बायका मागून म्हणू लागल्या. आत्याही गायला लागली, पण तिचा स्वतःचा गंधार वर गेला. तिने पुन्हा लावला, पुन्हा वरच.

ती आईच्या जवळ सरकून बसली. "वहिनी, परत म्हण ना," म्हणाली. "जरा सावकाश."