आम्हीच घरात आणलेलं गवत

"अगं, लाइट गेली का?" वडील अंथरुणात उठून बसत म्हणाले. सोमवारची सकाळ होती आणि चांगलं ऊन आलं होतं. आईला वाटलं, झोपेत बोलतायत. ती हसत जवळ गेली आणि तिच्या तोंडून नुसता "अहो!" एवढाच शब्द निघाला. पापण्या सुजून डोळे पार मिटले होते. मान लालभडक झाली होती, कोपरांच्या घडीतून पाणी झरत होतं.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मी तेव्हा सातवीत होते. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका चाळीत आम्ही राहायचो, मागे कंपन्यांची कुंपणं. दादा त्यातल्याच एका रंगाच्या कंपनीत फिटर होते, पर्मनंट. त्यामुळे चाळीत कुणाला फार विचार करावाच लागला नाही.

"कंपनी खातेय भाऊंना," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "तो रंग काय साधा असतो?"

मलम झालं, गोळ्या झाल्या, दादांनी डिपार्टमेंट बदलून घेतलं. सूज उतरायची, परत यायची. मानेची कातडी जाड, काळपट झाली आणि तिला भेगा पडल्या. विहारात वंदनेला बसले की शेजारचा माणूस हळूच सरकून बसायचा. एका बाईनं तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "तसला काही रोग नाही ना?"

वर्षभर हे चाललं. मग एके दिवशी दादांनी राजीनामा दिला. "नोकरी गेली तर दुसरी मिळेल," ते म्हणाले, "पोरांना बाप दुसरा मिळायचा नाही." आम्हाला तर सुटल्यासारखं झालं. आईनं खीर केली.

महिना झाला. दादा घरीच होते, कंपनीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि अंग आणखी चिघळलं. तेव्हा आईच्या डोक्यात आलं, ह्यांना त्रास नेहमी सुट्टीनंतरच व्हायचा. सोमवारी जास्त, शनिवारी कमी.

मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि भलताच प्रश्न विचारला. "घराच्या आजूबाजूला काय काय उगवतं? सगळ्याचा पाला घेऊन या."

पाला मीच गोळा केला. एरंड, रुई, घाणेरी, आणि जिकडेतिकडे माजलेलं गाजर गवत. बाईंनी प्रत्येक पाल्याच्या आणि कंपनीतल्या रंगाच्या पट्ट्या दादांच्या पाठीवर चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. रंगाखाली काही नाही. एरंडाखाली काही नाही. गाजर गवताच्या पट्टीखाली मात्र भाजल्यासारखे टरटरून फोड आले होते.

"हे कुठे असतं तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"विहाराच्या भोवती," दादा म्हणाले. "दर रविवारी मीच उपटतो."

"हातांनी?"

"मग कशानं?"

मी म्हणाले, "आणि घरात असतं. ग्लासात."

बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "घरात?"

त्याची फुलं बारीक, पांढरी, सुंदर दिसायची. विकत आणावी लागत नव्हती आणि लवकर सुकतही नव्हती. बुद्धमूर्तीपुढे ती मीच ठेवायचे. मूर्तीच्या खालीच दादांची उशी असायची.

बाईंनी समजावून सांगितलं. हे गवत आपल्याकडचं नाही, परदेशी गव्हातून बी आलं असं म्हणतात. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. शेतात शिरलं की पीक मागे पडतं, आणि खुरपणाऱ्या बायामाणसांची तोंडं अशीच सुजतात. "घाटावरून किती लोक येतात माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "सगळे आधी दुसऱ्याच कशावर तरी खापर फोडून आलेले असतात."

"म्हणजे कंपनीचं काही नाही?" दादांनी विचारलं.

"काही नाही."

ते बराच वेळ शर्टाची बटणं लावत राहिले. मग म्हणाले, "मी राजीनामा दिला हो, बाई."

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या गेटवर गेले. साहेबांनी आत बोलावलं, चहा पाजला, पण जागा भरली गेली होती. रोजंदारीवर या, म्हणाले. पंधरा वर्षं पर्मनंट राहिलेला माणूस, नकाराची मान हलवून परत आला.

मी दोन दिवस नीट जेवले नाही. दादांनी मला समोर बसवलं. "तुला काय ठाऊक होतं? मी एवढा मोठा, मला तरी कुठं ठाऊक होतं?" एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या पँटच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं, काज-बटणाच्या मशिनवर. शेठ म्हणायचा, "भाऊ, आप पंखे के नीचे बैठो, धूप में मत जाना." मोठमोठे पंप खोलणारा माणूस तिथे बटणं लावत बसायचा.

मोरिवली गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईनं आईला सांगितलं, "टाकला पेर, तो त्या गवताला वर येव नाय देत." आम्ही चाळीच्या दारापुढे टाकळ्याची भाजी पेरली, हातमोजे घालून गवत उपटलं. दारापुढचं हटलं. कुंपणापलीकडचे मोकळे प्लॉट मात्र दर वर्षी जास्तच पांढरे होत गेले, आणि वारा काही कुंपण बघत नाही.

दादांचं अंग दोनेक वर्षांत बरंचसं निवळलं, मान तेवढी काळीच राहिली. नव्वदनंतर आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये फ्लॅट घेतला, मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर. सामान लावून झाल्यावर मी हौसेनं बाल्कनीचं दार उघडलं. खाली बिल्डरनं उकरून ठेवलेली सगळी जमीन त्याच फुलांनी भरली होती. दादा मागून आले, एकवार खाली पाहिलं, आणि दार लावून घेतलं.