नेदरलँड्समधली पडकई

दार उघडलं आणि मला वाटलं, एजंटबाईनं चुकीच्या घराची किल्ली आणली. आत फरशी नव्हती. खाली नुसतं खडबडीत सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या वायरी, खिडक्यांना पडद्याचे दांडेसुद्धा नाहीत. बाई मात्र शांत. नेदरलँड्समध्ये भाड्याचं घर बऱ्याचदा असंच मिळतं म्हणाली. लाकडी फळ्यांची जमीन भाडेकरूनं आपली आपण टाकायची आणि घर सोडताना उचलून न्यायची. मी हसलो, कारण रडणं बरं दिसलं नसतं.

मी आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातला. वडिलांची भाताची चार खाचरं आणि वरच्या उतारावर नाचणी. डिप्लोमा केला, नारायणगावात खोली घेऊन राहिलो, कारखान्यांत मशिनं दुरुस्त करता करता एका कंपनीनं इकडं पाठवलं. येण्याआधी इथल्या सगळ्या किमती इंटरनेटवर बघून शंभरनं गुणल्या होत्या. पगार गुणला की छाती फुगायची आणि भाडं गुणलं की फोन बंद करायचो. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की अख्खं क्रेट ज्या पैशांत द्यावं लागतं, त्यात इथं सहा टोमॅटो येतात, तेही देठासकट, नवरदेवासारखे पाकिटात बसून. केस कापून आलो त्या दिवशी बायकोला म्हणालो, पुढच्या वेळी तूच काप.

पण काही महिन्यांत कळलं की गुणाकार चुकत होता. दूध, बटाटे, चीज काही फार महाग नाही. सायकल एकदा घेतली की प्रवास फुकट, आणि आमचा साहेबही भर पावसात सायकलीवरूनच येतो. महाग आहे तो माणसाचा तास. नळ दुरुस्त करणारा स्वतःच्या गाडीतून येतो, साहेबाच्या शेजारी बसून कॉफी पितो आणि पाच वाजले की पोरांकडे घरी जातो. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. मग आमच्याकडे मिस्त्रीच्या हाताखाली दिवसभर घमेली वाहणाऱ्या बायकांच्या हातावर काय पडतं ते आठवलं, आणि या देशाबद्दल मनापासून आदर वाटला.

तो आदर फरशीवाल्यानं आकडा सांगेपर्यंत टिकला. वडिलांच्या दोन वर्षांच्या भातापेक्षा तो आकडा मोठा होता. वर म्हणाला, सहा आठवड्यांनी येईन.

आमच्या हातात तीन आठवडे होते. आतापर्यंत राहत होतो ती कंपनीची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि बायकोला सातवा महिना होता. दिवस फार भरत आले की विमानात घेत नाहीत. घर लागलं नाही तर तिला त्याआधीच माहेरी पाठवायची, म्हणजे आमचं पहिलं लेकरू जन्माला येताना मी इथं मशिनीखाली पालथा. माझी रजा संपली होती. ते लेकरू आधी फोनच्या पडद्यावर बघायचं, या विचारानं मला झोप लागत नव्हती.

बायको म्हणाली, "पडकई करू."

"कुठं? हितं?" मी चिडलोच. "साहेबाला सांगू, ये माझ्या घरात सिमेंटावर बस?"

पडकई म्हणजे आमच्या डोंगरातली जुनी रीत. आज चार घरची माणसं माझ्या खाचरात राबतात, उद्या मी त्यांच्या. पैसा नाही. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं आणि दिवसाला दिवस फेडायचा. लहानपणी मला तिचा संताप यायचा. आमची आवणी, म्हणजे भाताची लावणी, अर्धी पडलेली असायची आणि वडील दुसऱ्याचा दिवस फेडायला निघालेले असायचे. ज्याच्याकडं पैसा नाही त्याची ही सोय, असं मी ठरवून टाकलं होतं. मी शिकलो ते पैसे टाकून काम करून घेणारा माणूस व्हायला.

"सैपाक मी करते," बायको म्हणाली. "तुमी फकस्त तोंड उघडा."

चहाच्या सुट्टीत कसंबसं उघडलं. साहेबानं खिशातून डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "शनिवारी जमेल. साडेआठ ते चार." शेजारच्या मशिनीवरचा ऑपरेटर म्हणाला, "करवत माझी."

शनिवारी साडेआठला एक मिनिट कमी असताना दोघं दारात. फुटपाथवर मी विकत आणून ठेवलेले फळ्यांचे गठ्ठे बघून शेजारचे आजोबाही गुडघ्यांना गाद्या बांधून आले. बहात्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक, आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. माझ्या हाताखाली नव्हे, मीच त्यांच्या हाताखाली होतो. ज्याच्यापुढं आम्ही पगारवाढीसाठी मान खाली घालतो तो साहेब रांगत रांगत फळी बसवत होता, आणि त्यात त्याला काडीचाही कमीपणा वाटत नव्हता. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी तिघांनी पिशव्यांतून आपापले डबे काढले. पावाच्या दोन चकत्या, मध्ये चीज. बायकोचा चेहरा पडला. पडकईला आलेला माणूस घरून डबा आणतो, हा तिच्या दृष्टीनं अपमान होता. तिनं तिन्ही डबे उचलून खिडकीत ठेवले आणि ताटं वाढली. तांदळाची भाकरी, पिठलं, अंड्याचा रस्सा. आजोबांनी डोळ्यांतून पाणी गाळत दोनदा रस्सा मागून घेतला. चार वाजता खालची खोली झाली आणि पुढच्या शनिवारी वरची.

मग फेडायची वेळ आली. साहेबाच्या घराला रंग देऊन झाला, ऑपरेटरचं सामान हलवून झालं. आजोबा काही काम सांगेनात. रविवारी सकाळी सहाला मी कुदळ घेऊन त्यांच्या अंगणात शिरलो आणि वाढलेलं सगळं तण साफ केलं. आमच्याकडं असंच करतात, विचारत बसत नाहीत. आजोबा झोपेच्या कपड्यांत बाहेर आले आणि बघतच राहिले. ते तण नव्हतं. मधमाश्यांसाठी मुद्दाम पेरलेली रानफुलं होती.

"तू माझं काहीही देणं लागत नाहीस," ते हळूच म्हणाले.

त्यांनी समजुतीनं म्हटलं, पण मला ते फार लागलं. आमच्याकडं हे वाक्य संबंध तोडताना म्हणतात. मातीच्या हातांनी, मोडक्या इंग्रजीत, आवाज चढवून मी त्यांना पडकई समजावली. ते शेवटपर्यंत ऐकून आत गेले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात आजोबा, हातात डायरी.

"बुधवारी सात वाजता," ते म्हणाले. "तण कशाला म्हणतात ते शिकवतो, आणि फुलं पुन्हा तू पेरायचीस."

मुलगी त्याच घरात झाली, वरच्या खोलीत. सुईणीला वाकायला लागू नये म्हणून पलंग ठोकळ्यांवर उंच केलेला, आणि ती सायकलवरून आलेली. पुढं आठवडाभर एक नर्स रोज घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं करून गेली, आणि जवळजवळ सगळं विम्यात. गावी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना.

व्हिडिओ कॉलवर आई-वडील नातीला बघत होते. मी फुशारकीत म्हणालो, "मी हितंच व्हतो. नाळबी मीच कापली. आन तुमी कुठं व्हता हो माझ्या येळंला?"

म्हटलं चेष्टेत, पण मी जन्मलो तेव्हा वडील घरी नव्हते, ही आतली अढी लपली नाही. वडील खाली बघायला लागले. उत्तर आईनं दिलं.

"डोंगरापल्याड, कुणाचा तरी दीस फेडायला. निरोप पोचायलाच सांज झाली असती. तू पोटात आडवा व्हता. ज्यांच्या खाचरात ह्यांनी दीस भरलं व्हतं, ती चौघं हातातली रोपं टाकून पळत आली. रस्ता कुठं व्हता तवा? घोंगडीची झोळी केली आन खांद्यावरनं मला दवाखान्यात नेलं. दागतर म्हनला, घटकाभर उशीर झाला असता तर दोगंबी न्हाई."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"तू कधी इचारलं?"

मुलगी माझ्या हातावर झोपली होती. तिच्या अंगावरचं दुपटं मी सारखं केलं. मग मी वडिलांना विचारलं, "त्या चौघांचं फेडलं का?"

त्यांनी मान वर केली.

"फेडतोय की अजून."