नव्याच्या दिवशी काढलेला लेप

१९५६ च्या डिसेंबरातला सोमवार. ठरलेली रक्कम तीस रुपये, पुन्हा दाखवायला येणे त्यातच धरून. चांद्याच्या दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत डॉक्टर, माझी बायको, तिचा थोरला भाऊ आणि मी असे चौघे होतो. मळणी अर्धवट टाकून आम्ही सावलीहून आलो होतो.

बायकोच्या खालच्या पुढच्या चार दातांवरची हिरडी उतरली होती. मुळे उघडी पडून दात लांब दिसत. तिला मऊ भातही दुखे.

"हिरडी परत वर चढणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आतला पू काढतो, सैल झालेली कड कापतो. मग दात टिकतील."

"टिकले पायजेत," ती म्हणाली. "दाढा त आधीच गेल्या. हेही गेले त मी खाऊ कायनं?"

"तुवा सुपारीचा खर्च त वाचंल," तिचा भाऊ म्हणाला. ती हसली नाही.

डॉक्टरांनी सुई टोचली, कापले, खरवडले आणि लवंगेच्या तेलात कालवलेला घट्ट लेप दातांभोवती थापला. आठ दिवस त्याला हात लावायचा नाही, असे बजावले. परतताना मोटारीत मीही तिला तेच सांगत राहिलो.

त्याच शुक्रवारी आमच्याकडे नवं होतं. नव्या तांदळाचा भात देवाला दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही, आणि तो रांधणारीचं तोंड स्वच्छ नि उपाशी लागतं. दुपारी मी खळ्यावरून आलो तर पान वाढलेलं होतं आणि तिच्या पदराला रक्त.

"लेप कुठी आहे?"

"काढला जी. निंबाच्या काडीनं."

"काऊन?"

"तोंडात धरून नैवेद्य रांधू काय? उष्ट्या तोंडानं?"

"औषध होतं ते. घास नव्हता."

"चव त येत होती न त्याची."

माझ्या आईनेही तेच केले असते. मी दमलो होतो, भूकही लागली होती, पानावर बसलो. तिने नुसती पेज घेतली, तीही अर्धी टाकली.

रविवारी तिची हनुवटी सुजली. सोमवारी पुन्हा तीच मोटार, तीच धूळ.

डॉक्टर रागावले नाहीत. हिरडी नीट पाहून म्हणाले, "बाई, मला विचारलं असतं तर नैवेद्य आठ दिवस पुढे ढकलायला सांगितलं असतं."

"लोकायचं झालं, आमचंच मागं ठेवू काय?" ती कशीबशी म्हणाली.

चारांतला एक दात हलत होता, तो काढावा लागला. उरलेल्या तीन दातांना नवा लेप बसला. काढलेला दात तिने मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

निघताना मी डॉक्टरांच्या हातात ठरलेले तीस आणि दात काढल्याचे वेगळे दोन रुपये दिले. तिने पिशवीतून पायलीभर नवा तांदूळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"देवाले दाखवून झाला हा," ती सुजल्या तोंडाने म्हणाली. "खा तुमी."